जुन्या गाडीत कुत्रा: वास, ओरखडे आणि उलट्या पुन्हा पुन्हा का होतात

तक्रार साधारण अशी असते. गाडी आतून व्हॅक्यूम मारून, सीट पुसून, बाहेरून पॉलिश करून चकाचक केलेली. रविवारी कुत्र्याला घेऊन खडकवासल्याला नाहीतर सासवडला एक चक्कर. सोमवारी दार उघडलं की तोच वास, दाराच्या कडेवर नवा ओरखडा, सीटच्या शिवणीत केस आणि काच फिरवायच्या हँडलखाली वाळलेल्या लाळेचा पांढरट ओघळ. पुन्हा साफसफाई, पुन्हा रविवार. एक पावसाळा असा गेला की घरात निर्वाणीची भाषा सुरू होते: एक तर ही गाडी ठेव, नाहीतर कुत्रा.

दोन्ही ठेवता येतात. मी लिहितोय ते मुख्यतः प्रीमियर पद्मिनी डोळ्यांपुढे ठेवून, कारण माझ्याकडे तीच आहे आणि पुण्यात अजून बऱ्याच घरांत ती कव्हरखाली जपून ठेवलेली दिसते. १९६४ च्या सुमारास कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० डी निघू लागली, १९७४ पासून तिची पद्मिनी झाली आणि २००० च्या आसपास ती बंदच पडली. आता तळाचा पत्रा सडला तर तयार मिळत नाही, कारागिराकडून हातानं बनवून घ्यावा लागतो. जुन्या रंगाचं रेग्झिन शोधताना नाना पेठेत चपला झिजतात. त्यामुळे नव्या गाडीत जे नुसतं घाण वाटतं, ते या गाडीत नुकसान असतं. बाकी खाली लिहिलेलं बरंचसं कुठल्याही गाडीला लागू आहे.

बहुतेक लोक दुरुस्ती सीटपासून सुरू करतात. माझ्या मते ती कुत्र्याच्या पायांपासून सुरू करायला हवी. रेग्झिनवर कुत्र्याचा पाय ठरत नाही. वळणावर घसरला की तो नखं रोवतो, त्याचे ओरखडे होतात. तोल सावरत उभा राहून राहून त्याला मळमळतं, मग लाळ, मग उलटी. घाबरलेल्या कुत्र्याचे केसही जास्त गळतात. आणि लाळ, उलटी, ओले पाय हे सगळं झिरपत खाली जातं, तिथे मुरतं आणि वास बनून वर येतं. तेव्हा आधी पाय, मग पोट, मग गाडी.

पाय घसरतोय का ते बघा

तपासायला सोपं आहे. दुसऱ्या कुणालातरी गाडी चालवायला द्या, तुम्ही पुढे बसून मागे वळून फक्त कुत्र्याकडे बघा. डाव्या-उजव्या वळणांचा एखादा रस्ता घ्या, कात्रजचा जुना घाट यासाठी उत्तम. प्रत्येक वळणाला पुढचे पाय फाकतायत का? बोटं पसरून नखं बाहेर येतायत का? ब्रेक लागला की छाती पुढच्या सीटच्या पाठीवर आदळते का? एकदा तरी तो सीट आणि पुढच्या पाठीमधल्या खड्ड्यात पडला का? यातलं काहीही दिसलं तर मूळ सापडलं.

आधी तो खड्डा भरा. पद्मिनीत मधोमध उंचवटा आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंना दोन वेगळे खळगे होतात आणि कुत्र्याचा पाय नेमका तिथे मुडपतो. १२ मिलिमीटरचा प्लाय मापानं कापून घ्या, कडा गोल करा, खाली सीटच्या उंचीचे चार पाय ठोका. सुताराकडे अर्ध्या तासाचं काम आहे. मागची सीट आणि ही फळी मिळून एक सपाट ओटा तयार होतो. त्यावर स्वयंपाकघरातल्या खणात घालतात ती जाळीदार रबरी मॅट आणि तिच्यावर जाड सुती सतरंजी. सतरंजी का? खरखरीत असते, पाय धरते, घरी धुता येते आणि रेग्झिनसारखी तापत नाही. चादर नको, ती कुत्र्यासकट सरकते.

ऑनलाइन मिळणारी झोळीसारखी कव्हरं मला फारशी पटलेली नाहीत. केस आणि लाळ अडवतात हे खरं, पण खाली आधार नसेल तर मधोमध लोंबतात आणि कुत्रा त्या खोलगट भागात सारखा घरंगळत राहतो. घ्यायचीच तर फळीवर अंथरायला घ्या.

बांधायचं ते छातीच्या हार्नेसला. गळ्यातल्या पट्ट्याला बांधलं तर ब्रेकचा सगळा झटका मानेवर येतो. जुन्या पद्मिनींत मागे सीटबेल्ट बहुधा नसतोच, तेव्हा हार्नेस अडकवणार कुठे हा प्रश्न येतो. दाराच्या हँडलला अजिबात नाही. मेकॅनिककडून तळाच्या मजबूत भागात, खालून जाड पत्र्याची पट्टी देऊन, सीटबेल्टचा बोल्ट बसवून घ्या. दोरी एवढीच लांब ठेवा की कुत्र्याला बसता, लोळता आणि वळता येईल, पण पुढच्या सीटवर उडी मारता येणार नाही.

नखं कापलेली हवीत. घरातल्या फरशीवर चालताना टकटक वाजत असतील तर वाढलेली आहेत, तपासायला यापेक्षा वेगळं काही लागत नाही.

थोडं ड्रायव्हिंगबद्दलही. पुण्यातले स्पीडब्रेकर कुठल्या मापानं बांधतात हे देवालाच ठाऊक, पण मागे कुत्रा असेल तर त्यांच्यावरून पहिल्या गिअरमध्ये जा. वळणाच्या आत ब्रेक मारण्यापेक्षा वळणाआधी वेग कमी करा. कुत्र्याला वळण दिसत नसतं, त्यामुळे तो आधीच तोल सावरून बसू शकत नाही.

उलटी: घाटामुळे की भीतीमुळे

ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि औषधंही वेगळी. ओळखायचं कसं, तर लाळ कधी सुरू होते ते बघायचं. गाडी उभी आहे, इंजिन बंद आहे आणि दार उघडताच लाळ गळायला लागली, शेपूट पोटाखाली गेली, तर ती भीती. गाडी सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटांनी, दोन-चार वळणांनंतर ओठ चाटणं, सारखी जांभई, मग लाळेच्या तारा आणि शेवटी उलटी, तर ते गाडी लागणं. कानाच्या आतली तोलाची यंत्रणा एक सांगते आणि डोळ्यांना दुसरंच दिसतं, त्यातून मळमळ होते. पिल्लांना हा त्रास जास्त होतो आणि वर्षभराची झाली की बऱ्याच जणांचा आपोआप कमी होतो. मात्र पिल्लू असताना प्रत्येक फेरीत उलटी झालेली असेल तर मळमळ गेल्यावरही भीती मागे राहते.

गाडी लागत असेल तर निघण्याआधी चार ते सहा तास खायला देऊ नका, थोडं पाणी चालेल. "उपाशी कसा नेऊ बिचाऱ्याला" असं आजी म्हणणारच, तिला सांगा की पोहोचल्यावर दोन घास जास्त घालू. बाहेर दिसेल अशा उंचीवर बसवा, म्हणजे वर सांगितलेला ओटा इथेही कामाला येतो. हवा खेळती हवी. पद्मिनीच्या पुढच्या दाराची ती तिकोनी काच अशा वेळी एसीपेक्षा भारी: थोडी तिरकी केली की वारा थेट मागे जातो आणि कुत्र्याला डोकंही बाहेर काढता येत नाही.

एवढं करूनही उलटी होत असेल तर पशुवैद्यांना विचारा. मॅरोपिटंट नावाचं कुत्र्यांसाठीचं उलटीविरोधी औषध आहे, ते वजनाप्रमाणे आणि वेळ पाळून द्यावं लागतं. आपल्या घरातली, माणसांची उलटीची गोळी अर्धी तोडून देऊ नका. मेडिकलवाला "देतात लोक" म्हणाला तरी नको.

भीती असेल तर औषधाआधी सवय लावावी लागते. बऱ्याच कुत्र्यांच्या आयुष्यात गाडी म्हणजे दवाखाना: गाडीत बसलो, की सुई टोचली. तो हिशेब उलटा करायचा. गाडी उभी असतानाच मागचं दार उघडून ओट्यावर खाऊ ठेवा. मग इंजिन चालू करून खाऊ. मग गल्लीच्या टोकापर्यंत. मग तळजाईला किंवा वेताळ टेकडीच्या पायथ्याशी, जिथे उतरल्यावर मजाच असते. एखाद्या पायरीवर लाळ सुरू झाली तर एक पायरी मागे या. यात आठवडे जातात. घाई करणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

उलटी झालीच तर पुसू नका, उचला. खेळण्यातला जुना पत्ता किंवा पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन कडेकडून मध्ये गोळा करा. पुसलं की ती शिवणीत जाते, आणि जुन्या सीटच्या शिवणीखाली असतात स्प्रिंगा आणि काथ्या. काथ्यात गेलेली ओल सहजासहजी वाळत नाही. शिवणीवर कोरडं फडकं दाबून धरा, मग कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण, मग साधं पाणी, मग पुन्हा कोरडं फडकं.

वास, आणि तो जूनमध्येच का परततो

खरी डोकेदुखी ही. एप्रिल-मेमध्ये गाडी छान असते. पहिला मोठा पाऊस झाला आणि हवा दमट झाली की कुत्रा महिनाभर गाडीत बसलेला नसतानाही ओल्या कुत्र्याचा वास येतो. मग लोक सीट पुन्हा धुतात, त्यानं ओल वाढते आणि वासही वाढतो.

ओल्या कुत्र्याचा वास हा मुळात त्याच्या केसांवर, त्वचेवर राहणाऱ्या जिवाणूंचा आणि यीस्टचा वास असतो. त्यांनी तयार केलेले पदार्थ कोरडे असताना दबून राहतात, ओल लागली की वाफेबरोबर हवेत उडतात. तेच पदार्थ गाडीच्या कापडात, नमद्यात (मॅटखालच्या दाबून केलेल्या जाड अस्तरात) मुरलेले असले तर दमट हवेत तिथूनही उडतात. म्हणून उन्हाळ्यात नाही आणि पावसाळ्यात आहे असा वास असेल, तर सीटचा वरचा भाग सोडा आणि खाली बघा.

रात्री मागच्या मॅटखाली वर्तमानपत्राच्या दोन घड्या पसरा, वर वीट ठेवा. सकाळी कागद हाताला दमट लागला किंवा सुरकुतला असेल तर नमदा ओला आहे. मग मॅट पूर्ण उचला. रबरी मॅटखालचा करडा नमदा वरून कोरडा दिसतो. तो कोपऱ्यातून सोलून उलटा करा. खालची बाजू काळपट, चिकट, त्यात कुत्र्याचे केस विणल्यासारखे अडकलेले, आणि पत्र्यावर तळाच्या रबरी बुचाभोवती नारिंगी गंजाची बारीक कडी. चिमटीत धरून दाबला तर तपकिरी पाणी निघतं. वास इथे आहे, आणि काही वर्षांनी पडणारं भोकही इथेच आहे.

पण नमदा ओला आहे म्हणजे कुत्र्यानंच केला असं नाही. सदाशिव पेठेतल्या एका काकांच्या पद्मिनीत तीन पावसाळे हाच वास होता. "कुत्रं आणल्यापासून ही बोंब," असं त्यांचं ठाम मत. ओल मात्र पुढच्या डाव्या बाजूला जास्त होती, जिथे कुत्रा कधी बसलेलाच नव्हता. नळीनं पुढच्या काचेवर पाणी सोडलं, आत बॅटरी घेऊन डॅशबोर्डखाली एक जण वाकला, तर काचेच्या रबराच्या खालच्या कोपऱ्यातून थेंब थेंब पाणी आत येत होतं आणि उतारानं मागे जात होतं. रबर बदललं, वास गेला. कुत्र्याची माफी काकूंनी मागितली, काकांनी नाही. तेव्हा नमदा बदलण्याआधी काचांची आणि डिकीची रबरं पाण्यानं तपासा. दारांच्या तळाशी पाणी जायला भोकं असतात, ती केसांनी आणि मातीनं बुजलेली असतात, तीही काडीनं मोकळी करा.

ओल कुठून येते ते कळलं की जुना नमदा फेकून द्या. धुऊन वापरू नका, पुण्याच्या जुलैत तो वाळणार कधी? पत्रा तारेच्या ब्रशनं घासा, गंजावर रस्ट कन्व्हर्टर (गंज थांबवणारं रसायन), मग रेड ऑक्साइडचा प्राइमर, मग रंग. रबरी बुचं नवी घाला. आणि वर नमद्याऐवजी बंद छिद्रांचा फोम टाका, ज्यात पाणी शिरतच नाही. रविवार पेठेत बोहरी आळीत फोम-रबराच्या दुकानांत विचारा आणि घेण्याआधी तुकडा पाण्यात बुडवून पिळून बघा: पाणी निघालं तर तो नको. पत्र्याला चिकटवू नका, नुसता पसरा, म्हणजे वर्षातून एकदा उचलून बघता येतो. मूळ नमदाच हवा असं म्हणणारे शौकीन आहेत. प्रदर्शनात ठेवायच्या गाडीला तो ठीक आहे. कुत्रा बसणार असेल तर हट्ट सोडा.

वास लघवीचा असेल तर प्रकरण वेगळं. लघवी खोल मुरून बसते, नुसत्या साबणानं पूर्ण निघत नाही आणि ओल आली की पुन्हा दरवळते. अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला की डाग चमकतो. त्यावर पाळीव प्राण्यांसाठीचा एन्झाइम क्लीनर भरपूर ओता, दहा-पंधरा मिनिटं ओला राहू द्या, मग टिपून घ्या. फवारून लगेच पुसला तर पैसे वाया, कारण एन्झाइमला काम करायला वेळ लागतो. अमोनिया असलेली क्लीनर टाळा. त्यांचा वास कुत्र्याला लघवीसारखाच वाटतो आणि तो तिथेच पुन्हा करतो.

किरकोळ वासाला खाण्याचा सोडा चांगला. कोरड्या सतरंजीवर रात्री भुरभुरायचा, सकाळी व्हॅक्यूम. व्हिनेगर सतरंजी धुताना चालेल, उघड्या पत्र्यावर नाही, त्यानं गंज चढतो. आणि व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र कधीच करायचं नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद गाडीत तर नाहीच नाही.

आता जे आपल्याकडे सर्रास करतात आणि करू नये ते. फिनेल टाकणं: ते कुत्र्याच्या पायांना लागतं, तो पाय चाटतो, विष पोटात जातं. डांबराच्या गोळ्या सीटखाली ठेवणं: एखादी जरी गिळली तरी प्रकरण दवाखान्यात जातं. कापराच्या वड्या: त्याही कुत्र्याला विषारी. आरशाला लटकवायचं मोगऱ्याचं अत्तर कुत्र्याला मारत नाही, पण आपल्याला जो वास मंद वाटतो तो त्याच्या नाकाला असह्य होतो आणि मळमळ वाढवतो.

पावसाळ्यात टेकडीवरून परत येताना एक जुना टॉवेल आणि अर्धी बादली पाणी डिकीत ठेवा. पाय बुडवून धुवायचे, मग पोट, मांड्यांच्या आतली बाजू आणि बोटांमधली बेचकी पुसायची. पाठ सगळे पुसतात. पाणी गळतं ते पोटावरून.

ओरखडे आणि केस

ओरखडा किती खोल आहे ते स्वतःच्या नखानं तपासा. नख वरून सरकलं तर पॉलिशनं जाईल. अडकलं तर टचअप लागेल. जुन्या पद्मिनीचा मूळ रंग असेल तर त्यावर आजच्यासारखा पारदर्शक थर नसतो, म्हणून पॉलिश करताना फडक्यावर गाडीचा रंग येतो. घाबरू नका, पण सारखं पॉलिशही करू नका, रंगाचा थर तेवढाच पातळ होतो. त्यापेक्षा दाराच्या वरच्या कडेवर, जिथे कुत्रा पंजे ठेवतो, तिथे रेग्झिनची पट्टी दोन्ही बाजूंना दुमडून अडकवा. कुशनवाला उरलेल्या तुकड्यातून शिवून देतो.

केसांना रबरी हातमोजा. किंचित ओला करून एकाच दिशेनं ओढला की केसांची वळकटी होते, ती उचलायची. काचेच्या फटीत केस अडकले तर काच अर्ध्यावर अडते. काच वर-खाली करताना करकर आवाज आला तर दाराचं आतलं पॅनेल उघडायची वेळ झाली. नव्या गाडीत एसीचा केबिन फिल्टर केसांनी बुजतो, तो बदला, बराच वास त्यातच असतो.

गोचीड परत परत निघते

कुत्र्यावरची काढली, औषध लावलं, आणि गाडीतून फिरवून आणलं की पुन्हा. आपल्याकडची तपकिरी गोचीड फटींत राहण्यात पटाईत आहे. वाढीच्या प्रत्येक टप्प्यावर ती एकदा रक्त पिते, गळून पडते आणि कोरड्या फटीत लपते. एक मादी हजारांनी अंडी घालते. पूर्ण वाढलेली गोचीड महिनोन्‌महिने उपाशी जगू शकते. म्हणून गाडी दोन महिने कव्हरखाली ठेवली तरी ती मेलेली नसते, वाट बघत असते. पुण्यात पशुवैद्यांकडे टिक फीव्हरचे, म्हणजे गोचिडीतून होणाऱ्या तापाचे कुत्रे सारखे येतात, त्यामुळे हा निव्वळ स्वच्छतेचा मुद्दा नाही.

सीटच्या शिवणी, पायपिंगखालची फट, छताच्या कापडाच्या कडा, दाराच्या रबराची आतली घडी या जागा अरुंद नळीच्या व्हॅक्यूमनं काढा आणि व्हॅक्यूममधला कचरा पिशवीत घट्ट बांधून लगेच बाहेर टाका. दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा, कारण अंड्यांतून नवी निघतात. त्याच काळात कुत्र्याला पशुवैद्यांच्या सल्ल्यानं गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध चालू हवं. दोन्ही एकत्र केलं तरच चक्र तुटतं. बंद गाडीत कीटकनाशकाचा धूर करून दुसऱ्या दिवशी कुत्र्याला आत बसवू नका. आणि सापडलेली गोचीड बोटांनी चिरडायची नाही.

"दोन मिनिटांत येतो"

बाकरवडीच्या रांगेतली दोन मिनिटं किती लांबतात ते पुण्यात सांगायला नको. कुत्र्याचं शरीर नेहमी ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअसवर असतं, त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकून अंग गार करतो. भोवतालची हवाच तापली तर धापा टाकूनही उपयोग नाही. बाहेर ३५ अंश असताना उन्हात बंद उभी गाडी अर्ध्या तासात आत ५० च्या वर जाते, आणि त्यातली मोठी वाढ पहिल्या काही मिनिटांतच होते. काच चार बोटं उघडी ठेवल्यानं फारसा फरक पडत नाही. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्यांना तर आणखी लवकर त्रास होतो. अंगाचं तापमान ४१ च्या वर गेलं की उष्माघात: जीभ गडद लाल, चाल लडखडती, घट्ट लाळ. सावलीत न्या, बर्फाचं नको, साधं गार पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा.

मार्च ते जून एकट्यानं गाडीत कुत्रा नेऊन वाटेत खरेदी करायचीच नाही, एवढा साधा नियम आमच्या घरी आहे.

पुढची सीट

बहुतेक पद्मिनींची पुढची सीट सलग बाक आहे आणि गिअर स्टिअरिंगपाशी. कुत्रा तिथे बसला की प्रत्येक वळणावर घसरत तुमच्या डाव्या कोपरापाशी येतो, आणि दुसऱ्या गिअरला जाणारा हात त्याच्या डोक्यावर पडतो. मोटार वाहन कायद्याचं १२५ वं कलम चालकाच्या ताब्यात अडथळा येईल असं कुणालाही बसू देऊ नये किंवा काही ठेवू नये असं सांगतं. मांडीवर कुत्रा घेऊन चालवणारे लक्ष्मी रोडवरही दिसतात, फोटो छान येतो. एअरबॅगच्या गाडीत तर पुढे नकोच, ती उघडली तर कुत्र्याचा जीव जाऊ शकतो. खिडकीतून डोकं बाहेर काढू देणंही टाळा, खडी आणि किडे थेट डोळ्यात जातात.

जुन्या गाडीचा एक फायदा मात्र आहे: काच हँडलनं फिरते. बटणाच्या गाडीत कुत्र्याचा पंजा बटणावर पडून काच खाली जाते किंवा मानेवर येते. तिथे ड्रायव्हरच्या बाजूचं काचेचं लॉक कायम लावून ठेवा.

एवढं करूनही वास येतोच

मग गाडी सोडा आणि कुत्र्याचा वास घ्या. आधी कान. लॅब्रेडॉर, कॉकर अशा लोंबत्या कानांच्या कुत्र्यांना पावसाळ्यात कानात यीस्ट वाढतं. आंबूस वास येतो, आत तपकिरी मळ दिसतो, डोकं सारखं झटकतात. कानाचा संसर्ग आत गेला तर तोलही बिघडतो, म्हणजे कधीच उलटी न करणारा मोठा कुत्रा अचानक गाडीत उलट्या करायला लागला तर कान आधी दाखवा. मग दात: हिरड्या सुजल्या असतील तर लाळेलाच वास असतो आणि ती जिथे सांडेल तिथे तो जातो.

आणि सडलेल्या मासळीसारखा, एकदम नाकात जाणारा वास असेल, तोही फक्त घाटातून किंवा मोठा हॉर्न वाजल्यानंतर येत असेल, तर तो गुदद्वाराजवळच्या ग्रंथींचा. कुत्रा दचकला की त्या आपोआप रिकाम्या होतात. ढुंगण फरशीवर घासत चालणं ही त्याची घरातली खूण. पशुवैद्य त्या काही मिनिटांत दाबून मोकळ्या करतात आणि वारंवार भरत असतील तर कारण शोधतात. सीटवर पडलेल्या त्या थेंबाला साबण पुरत नाही, तिथे एन्झाइम क्लीनरच लागतो, आणि तो थेंब बहुतेक वेळा सीटवर नसून सीटच्या पाठीच्या तळाशी, शिवणीलगत असतो.